तंबोरा, बारा व्होल्टवर
(प्रकल्प नोंदी, ठाणे, मार्च ते जुलै २०२५)

८ मार्च, शनिवार

काम ठरलं. युरोरॅकच्या (सिंथचे सुटे मॉड्यूल बसवायचा साचा) ८४ एचपी रुंद पेटीत चार तारांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा बसवायचा. रेकॉर्ड केलेला तंबोरा वाजवणारं यंत्र नको, ते बाजारात मिळतं आणि मोबाइलवर तर फुकट आहे. इथे सूर काढणारे चार खरे ऑसिलेटर, आवाज कमी-जास्त करणारे चार व्हीसीए, जवारीसाठी (तारेच्या झणझणत्या नादासाठी) फिल्टर आणि तारा ओळीने छेडणारा एक छोटा सीक्वेन्सर. पट्टी काळी चार, कारण वापरणार आत्या.

आत्या नौपाड्यात गाण्याचे वर्ग घेते. तिचा मिरजेचा तंबोरा जवारीला गेला की वर्ग मोबाइलवर चालतो आणि ती दिवसभर धुसफुसत असते. "चौथ्या आवर्तनाला मला कळतं आता काय येणार. तंबोऱ्याचं असं कळता कामा नये." तक्रार रास्त आहे. रेकॉर्डिंग फिरून फिरून तेच येतं. चार वेगळे ऑसिलेटर मोकळे सोडले की त्यांच्या लहरी एकमेकींवर पुन्हा तशाच बसत नाहीत. अॅनालॉगचा मला दिसणारा खरा फायदा हाच. बाकी 'ऊबदार आवाज' वगैरे विक्रेत्यांनी बोलावं.

मापं लिहून ठेवते, नाहीतर दर वेळी शोधत बसते. पॅनेलची उंची १२८.५ मिमी, एक एचपी म्हणजे ५.०८ मिमी, वीज अधिक-उणे १२ व्होल्ट, जॅक ३.५ मिमीचे. हा साचा जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांनी नव्वदच्या दशकात ए-१०० बरोबर आणला आणि जगभर तोच रुळला. एका सप्तकाला एक व्होल्ट (व्होल्टेज एक व्होल्टने वाढलं की सूर एक सप्तक चढतो) हा हिशोब त्याहून जुना, रॉबर्ट मूग यांच्या साठच्या दशकातल्या मॉड्युलरपासूनचा.

१५ मार्च, शनिवार

लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. रविवारी तिथे शटर खाली असतात, म्हणून शनिवार गाठला. धुळवड कालच झाल्यामुळे अर्ध्या काउंटरांवर माणसंच नव्हती. टीएल ०७२, ४०१७, ४०१०६, एलएम १३७०० या चिपा, मेटल फिल्म रेझिस्टर, दहा फेऱ्यांचे प्रीसेट (पेचकसाने बारीक फिरवायचे रेझिस्टर) मिळाले. एलएम १३७०० च्या एका पुड्यावर मी फुली मारून ठेवली आहे. छपाई नखाने खरवडली तर निघतेय. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ओरिजिनल आहे." हो, पुडा ओरिजिनल आहे. वापरायच्या आधी प्रत्येक चिप तपासायची.

ऑसिलेटरच्या चिपा मागेच बाहेरून मागवल्या होत्या. एएस ३३४०, लॅटव्हियातल्या अल्फा कंपनीच्या. मूळ चिप सीईएम ३३४०, डग कर्टिस यांची. अख्खा व्होल्टेज-नियंत्रित ऑसिलेटर एका सोळा पायांच्या चिपेत, तापमानाची भरपाईसुद्धा आतच. प्रॉफेट-५ या सिंथच्या तिसऱ्या आवृत्तीत हीच चिप आहे आणि रोलँडच्या एसएच-१०१ मध्येही. १०१ वरून आठवलं, नेरुळच्या काकांना फोन करायचाय.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी कोपिनेश्वराकडून शोभायात्रा, ढोल-ताशांनी खिडक्या थरथरत होत्या. सूर लावायचं काम आज शक्यच नव्हतं, म्हणून पॉवर सप्लाय हातात घेतला. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, डायोडचा पूल, कपॅसिटर, ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर. स्विचिंग सप्लाय स्वस्त पडतो, हलकाही असतो, पण तंबोऱ्यासारख्या सतत चालणाऱ्या स्वराखाली त्याची बारीक शिट्टी ऐकू येते आणि एकदा कानाला लागली की सुटत नाही.

रिबन केबलची लाल कडा म्हणजे उणे १२. उलटी लावली तर मॉड्यूल गेलं. म्हणून बोर्डावर खाचेचेच कनेक्टर घातले. चार रुपये जास्त गेले तर गेले.

१३ एप्रिल, रविवार

आजची संध्याकाळ पंचमाची. आधी कागदावर.

काळी चारचा खरज (खालचा सा) १०३.८३ हर्ट्झ. पंचम त्याच्या दीडपट, म्हणजे १५५.७४. हार्मोनियमच्या पट्टीवरचा पंचम मात्र १५५.५६ येतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. व्होल्टात मांडलं तर तंबोऱ्याचा पंचम खरजापेक्षा ०.५८४९६ व्होल्ट वर, हार्मोनियमचा ०.५८३३३. फरक १.६३ मिलिव्होल्ट. सेंटच्या (सप्तकाच्या बाराव्या तुकड्याचा शंभरावा भाग) भाषेत जेमतेम दोन.

एवढ्याशा फरकाने काय होतं? खरजाचा तिसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या तिप्पट वारंवारतेचा उपस्वर) आणि पंचमाचा दुसरा एकाच जागी यायला हवेत, ते ०.३५ हर्ट्झने चुकतात. साधारण तीन सेकंदांनी एकदा आवाज फुगतो आणि बसतो. ख्यालाच्या लयीत तो फुगवटा चांगलाच जाणवतो.

मग ऑसिलोस्कोपवर पाहिलं. आडव्या अक्षावर खरज, उभ्यावर पंचम. तीनास दोन प्रमाण जमलं की पडद्यावर पीळ घातलेली आकृती उभी राहते. हार्मोनियमचा पंचम लावला तर तीच आकृती पडद्यावर सावकाश कूस बदलते, मग पुन्हा पहिल्यासारखी, तीन सेकंदांत एक फेरी. प्रीसेट केसभर फिरवला की वेग कमी होतो, आणखी जरा फिरवला की थांबते, त्यापुढे उलटी फिरायला लागते. हे पाहत मी जेवण विसरले. ट्यूनरच्या अॅपवर एवढं बारीक कळत नाही.

यावरून एक ठरवलं. पंचमाच्या प्रीसेटला पूर्ण सप्तक फिरायची मुभा द्यायचीच नाही. ढोबळ व्होल्टेज आरईएफ०२ या स्थिर व्होल्टेज देणाऱ्या चिपेवरून रेझिस्टरांनी पक्कं बांधायचं आणि प्रीसेटच्या वाट्याला फक्त वीसेक मिलिव्होल्ट.

बाजूचा विचार: कोर्गच्या एमएस-२० सिंथमध्ये (१९७८) हिशोबच वेगळा, हर्ट्झला व्होल्ट. तिथे पंचम म्हणजे सरळ खरजाच्या व्होल्टेजची दीडपट, लॉगरिदमची भानगड नाही. आपल्या कामाला तो किती सोयीचा पडला असता! पण मंद्राकडे व्होल्टेज इतकं कमी होत जातं की चिपेच्या ऑफसेटचीच चूक मोठी ठरते. शिवाय बाकी सगळी दुनिया दुसऱ्या हिशोबाने चालते.

२० एप्रिल, रविवार

ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरुळ. काका ऐंशीच्या दशकात गणपतीतल्या आणि लग्नातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये कीबोर्ड वाजवायचे. बोटीवर असलेल्या मेहुण्याने आणून दिलेला करड्या रंगाचा एसएच-१०१ अजून त्यांच्याकडे आहे. १९८२ चं मॉडेल, बत्तीस पट्ट्या, एका वेळी एकच सूर, सहा मोठ्या सेलवरही चालतो. स्लायडरच्या दोन टोप्या गेल्या आहेत, तिथे त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरच्या बसवल्यात.

त्यांच्या १०१ चा सीव्ही आउट (सुराचं व्होल्टेज बाहेर देणारा जॅक) माझ्या पहिल्या ऑसिलेटरला जोडला. बेचाळीस वर्षांचं वय अधिक-उणे धरा, पण जपानी कीबोर्ड आणि मी परवा सोल्डर केलेला बोर्ड पहिल्या वायरीत सप्तकाला सप्तक जुळले. दोन्हीकडे एकच चिप-घराणं, त्यामुळे नवल कमी, आनंद जास्त.

"काका, प्रोग्रामला सूर सरकायचा नाही का?"

"सरकायचा ना. म्हणून आम्ही साउंड चेकच्या आधी तासभर चालू करून ठेवायचो. स्टेजवरचा लाइट अंगावर आला की परत बघायचं. गिटारवाला ट्यून करतो, मग आपण कोण मोठे लागून गेलो?"

मग अपेक्षेप्रमाणे विषय चरणजित सिंग यांच्यावर गेला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली इथेच मुंबईत त्यांनी रोलँडचे ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ बेस-यंत्र आणि टीआर-८०८ ताल-यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. ३०३ मधला स्लाइड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. बेस गिटारची नक्कल व्हावी म्हणून दिलेली सोय, त्यांनी ती मींडेला लावली. पुढे शिकागोवाल्यांनी त्याच यंत्रातून अॅसिड हाउस हे नृत्यसंगीत काढलं आणि बऱ्याच वर्षांनी जगाला कळलं की असाच काहीसा आवाज मुंबईत आधीच निघून गेला होता. काकांचं म्हणणं, तेव्हा इथे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. "आम्हीसुद्धा नाही. आम्हाला हार्मोनियमचा आवाज काढायचा होता त्याच्यातून."

३ मे, शनिवार

एक सोपा रस्ता तपासून बाजूला ठेवला. एकच उंच ऑसिलेटर घ्यायचा आणि त्याला भागत भागत चारही सूर काढायचे. जुन्या ऑर्गनांत आणि स्ट्रिंग मशीनांत हीच पद्धत. सहाने भागलं तर खरज, चाराने भागलं तर पंचम, तिनाने भागलं तर जोड (वरच्या सा च्या दोन तारा). प्रमाण कायमचं पक्कं, प्रीसेटच नको. ब्रेडबोर्डवर तासाभरात उभं राहिलं, सूर बिनचूक.

आत्याला ऐकवलं. तिने डोळे मिटले, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "अगं, हे चार तारांचं नाही, एकाच तारेचं आहे."

बरोबर ओळखलं. चारही लहरी एकाच उगमाच्या, त्यामुळे एकमेकींशी कायम बांधलेल्या. जोडाच्या दोन तारांत जे किंचित हलणं असतं ते इथे शून्य. म्हणजे तिला पंचमात दोन सेंटचं हलणं नको आहे, आणि जोडात अर्ध्या सेंटचं हवं आहे. कुठलं हलणं ठेवायचं आणि कुठलं काढायचं, एवढंच या प्रकल्पाचं काम, असं म्हटलं तरी चालेल. चार स्वतंत्र ऑसिलेटरवर शिक्कामोर्तब.

१८ मे, रविवार

उकाडा. खोलीत ३३ अंश. पेटीत थर्मामीटर टाकला तर रेग्युलेटरजवळ ४४ आणि दुसऱ्या टोकाला ३७. पंचमाचा बोर्ड नेमका रेग्युलेटरच्या शेजारी.

चिपेची तापमान-भरपाई आत असली तरी टायमिंगचा कपॅसिटर बाहेर असतो. जुन्या सर्किटांत तिथे पॉलिस्टायरीन सांगतात, शौकीन मंडळी त्याच्यावर जीव टाकतात. त्याची किंमत अंशामागे उणे १२० पीपीएमच्या (दहा लाखांमागे भाग) आसपास बदलते. टोकाटोकांत सात अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ दीड सेंट. माझा सगळा झगडा दोन सेंटांचा आणि त्यातला दीड उकाड्याने खाल्ला. पॉलिस्टायरीन काढून सी०जी जातीचे सिरॅमिक लावले, तिथे तीस पीपीएमच्या आत काम भागतं. दिसायला अगदीच सामान्य, पण दिसण्याशी मला काय करायचंय.

दुसरा बदल मांडणीचा. ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर पेटीबाहेर वेगळ्या डब्यात. चारही ऑसिलेटर पंगतीत बसवल्यासारखे एकाच बोर्डावर, खांद्याला खांदा, वर अॅल्युमिनियमची एकच पट्टी. सगळे मिळून एखादा सेंट चढले तर गाणाऱ्याला कळतही नाही. एकटा चढला की बेसूर.

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा मॉड्युलर आला आणि डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला. त्या काळचे मूगचे ९०१ ऑसिलेटर सुरातून सरकण्याबद्दल बदनाम होते. तेही अहमदाबादच्या मे महिन्यात! तिथे काम केलेल्यांबद्दल आज विशेष आदर वाटला.

१ जून, रविवार

पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. त्या आठवड्यापासून पंचम वर सरकतोय. एकटाच. तापमान उतरलंय, त्यामुळे उकाड्यावर ढकलता येत नाही.

दोन दिवस सर्किटभर मल्टिमीटर फिरवून काही सापडेना. मग हेअर ड्रायर घेतला, गार हवेवर. बोर्डाच्या एकेका कोपऱ्यावर फुंकर घालत स्कोपवरची आकृती पाहत बसले. पंचमाच्या चिपेच्या सोळा नंबरच्या पायाजवळ आले आणि आकृतीचा वेग मंदावला.

३३४० चा पंधरावा पाय म्हणजे सुराचं नियंत्रण आणि त्याला चिकटून सोळावा, अधिक १२ व्होल्ट. दोघांमध्ये सोल्डर वायरचा फ्लक्स (तिच्यातला राळेसारखा पदार्थ) सुकून पिवळसर काचेसारखा बसलेला. वायरीच्या रिळावर 'धुवायची गरज नाही' असं लिहिलेलं असतं, ते बहुधा कोरड्या देशात लिहिलं असावं. आकडे मांडले: एका सप्तकाला १ व्होल्ट १०० किलोओहममधून, म्हणजे १० मायक्रोअँपिअर. दोन सेंटांना साधारण १६ नॅनोअँपिअर. १२ व्होल्टांतून एवढा प्रवाह झिरपायला ७०० मेगाओहमचा चोरटा रस्ता पुरतो. दमट फ्लक्सला ते काहीच अवघड नाही आणि माझ्या मल्टिमीटरला तो दिसणं शक्य नाही.

चारही चिपांच्या आजूबाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. मग पंधरा-सोळाच्या मधून ग्राउंडची बारीक तार फिरवली, म्हणजे जे झिरपेल ते परस्पर जमिनीत जाईल. वरून ओल रोखणाऱ्या कॉन्फॉर्मल कोटिंगचा हात. रात्री खिडकी सताड उघडी ठेवून पाहिलं, बाहेर धो धो. आकृती जागची हलली नाही.

पुढच्या बोर्डात ही ग्राउंडची रेघ छपाईतच घ्यायची. कोकणपट्टीत सिंथ बांधणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी.

१४ जून, शनिवार

जवारी. यासाठी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवला होता.

खऱ्या तंबोऱ्यात तार सपाट घोडीवर हलकेच टेकते आणि दोरा त्या टेकण्याची जागा ठरवतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं होतं: नेहमीच्या तारेत, जिथे छेडलं त्या जागी ज्या हार्मोनिकची गाठ येते तो उमटायला नको, पण या घोडीवर तोही उमटतो. शिवाय छेडल्यानंतर वरचे स्वर एकामागून एक उजळत खाली येतात. तो जो 'झ्यांव' उलगडतो, तो हाच.

माझ्याकडे घोडी नाही. सॉटूथ लहर आहे, तिच्यात सगळे हार्मोनिक असतात. तिच्यावर एलएम १३७०० चा बँडपास फिल्टर (मधल्या एका पट्ट्यातलेच स्वर पुढे सोडणारा) आणि प्रत्येक छेडीबरोबर त्याचा मध्य वरून खाली आणणारा एन्व्हलप (हळूहळू उतरणारं व्होल्टेज). पहिला प्रयत्न थेट 'वाव वाव', सत्तरच्या दशकातला हिंदी खलनायक एन्ट्री घेतोय असा. रेझोनन्स (फिल्टरचा टोकदारपणा) उतरवला, घसरण साडेचार सेकंदांवर नेली, आणि मूळ लहर थोडी फिल्टरला बगल देऊन थेट मिसळली. मग जरा माणसात आलं.

आत्याची कसोटी एकच होती: खरजाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू आला पाहिजे. गंधार म्हणजे खरजाचा पाचवा हार्मोनिक, ५१९.१३ हर्ट्झ. हार्मोनियमच्या पट्टीवरचा गंधार ५२३.२५ ला, चांगला चौदा सेंट चढा. मला तो वेगळा घालायचा नव्हता, लहरीत तो आहेच. फिल्टर उतरताना त्या जागी किंचित रेंगाळला पाहिजे. एन्व्हलपला सरळ घसरण न देता डायोड आणि रेझिस्टर लावून खालच्या भागात उतार कमी केला.

आत्या खुर्चीत मांडी घालून ऐकत होती. खरज वाजला. मग पंचम, जोड, जोड, पुन्हा खरज. तिसऱ्या फेरीला तिने हात वर केला.

"आला."

"नक्की?"

"अगं, आला म्हणजे आला. पण लवकर जातो. थांबव थोडा."

डायोडच्या बाजूचा रेझिस्टर ४७ किलोवरून ६८ वर नेला. थांबला.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

कार्यक्रमाला स्टेजवर मिरजेचे दोन तंबोरे. पेटी नाही. आत्याचं म्हणणं, "रियाजाला ठेवीन. गुरूंच्या फोटोसमोर मात्र तारच." मला वाद घालायचा नव्हता. वादाला जागाही नाही. माझा फिल्टर एका बाजूने घसरतो, तिकडे घोडीवर चार तारा एकमेकींना हलवतात, आणि ते माझ्या सर्किटात कुठेच नाही.

मागच्या खोलीत मुलं आळीपाळीने पेटीवर सूर लावून बाहेर जात होती, तिथे ती दुपारपासून रात्री नऊपर्यंत चालू राहिली. मध्ये एका छोट्याने रेझोनन्सची कळ पूर्ण फिरवली आणि फिल्टर शिट्टी मारायला लागला. बाहेर कुणाचा तरी यमन चालू होता. सुदैवाने दार लागलेलं होतं. आता त्या कळीला आतून थांबा घालायचा.

नेरुळहून काका आले होते. सगळ्यांचं गाणं सोडून पेटीसमोर बसले. जाताना म्हणाले, त्यांच्या १०१ ला आता पावसात आवाज खरखर करतो, स्लायडर उघडून बघशील का. बघणार.

१३ जुलै, रविवार

आत्याची नवी मागणी: मालकंसाला पंचम चालत नाही, मध्यम पाहिजे. आणि मारव्याला निषाद.

तीन जागांचा स्विच लागेल. खरजापासून मध्यम ०.४१५०४ व्होल्ट, हार्मोनियमच्या मध्यमापेक्षा १.६३ मिलिव्होल्ट खाली, पंचमाच्या बरोबर उलट. निषाद १५:८ धरला तर ०.९०६८९, हार्मोनियमपेक्षा जवळजवळ दहा मिलिव्होल्ट खाली. तो मारव्याला जरा चढाच हवा असं आत्या आत्ताच म्हणतेय, म्हणून निषादाच्या प्रीसेटला थोडी जास्त मोकळीक. तिन्ही जागांना स्वतंत्र प्रीसेट, एक सामायिक ठेवला तर दर वेळी पुन्हा लावत बसावं लागेल.

स्विच फिरवताना 'खट्' येतो. फिरवायच्या क्षणी पंचमाचा व्हीसीए बंद करणारा एक ट्रान्झिस्टर पुरेल.

पॅनेलला स्विचसाठी सहा मिमीचं भोक हवं. पत्रा उद्या वागळे इस्टेटला घेऊन जायचा. काकांचा १०१ शनिवारी येतोय, त्याच्यासाठी टेबल रिकामं करायचं. लॅमिंग्टन रोडची यादी: १०० किलो, ०.१ टक्क्याचे रेझिस्टर. फुली मारलेल्या पुड्यातल्या दोन चिपा नकली निघाल्या, बाकी चालतात.